उलगडत जाणारे चित्र : चिनी गिरिजल-पटाची शैली आणि तौलनिक अभ्यासापुढील एक प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

बेंगळुरू शहरात चित्र आणि वाङ्मय यांच्या परस्परसंबंधाचा विचार करणाऱ्या अभ्यासकाला उपयुक्त ठरणारे दोन संग्रह आहेत. पहिला कस्तुरबा रस्त्यावरील वेंकटप्पा कलादालनाचा. म्हैसूर संस्थानातील चित्रकार के. वेंकटप्पा (१८८६–१९६५) यांनी उटकमंड आणि कोडाईकनाल येथील डोंगर, तळी, ढग व प्रकाश यांची जी जलरंगचित्रे काढली, ती या संग्रहाचे वैशिष्ट्य होय. दुसरा संग्रह १९६० साली स्थापन झालेल्या कर्नाटक चित्रकला परिषदेचा. एम. एस. नंजुंड राव यांच्या प्रयत्नांतून तेथे कर्नाटकातील चामड्याच्या छायाबाहुल्यांचा मोठा संचय झाला. रामायण-महाभारतातील प्रसंग रात्रभर पडद्यावर खेळविणाऱ्या कलावंतांची ही चित्रसामग्री आहे.

चीनमधील पारंपरिक गिरिजलाच्या पटचित्रांची भारतीय कलेशी तुलना करावयाची झाल्यास या दोहोंपैकी कोणता संग्रह डोळ्यांसमोर ठेवावा, असा प्रश्न विचारता येईल. सहज सुचणारे उत्तर पहिल्या संग्रहाच्या बाजूने जाते. तेथेही डोंगर आहेत, पाणी आहे, धुके आहे. शिवाय वेंकटप्पा हे अवनींद्रनाथ ठाकूर यांचे शिष्य असल्याने पूर्व आशियाशी जोडणारा ऐतिहासिक धागाही उपलब्ध होतो. विषय समान आणि संपर्काचा पुरावाही हाताशी, अशा स्थितीत तुलना निर्वेध वाटते. परंतु चिनी पटाची घडण आणि त्याच्या आस्वादाची रीत बारकाईने पाहिली, तर हे उत्तर अर्धेच खरे ठरते. विषयसाम्यावर उभी असलेली तुलना नेमके कोणते अंग दृष्टीआड करते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. ‘देखावा’ आणि ‘गिरिजल’

अडचणीचा आरंभ शब्दापासूनच होतो. मराठीत या चित्रप्रकारासाठी ‘निसर्गचित्र’, ‘भूदृश्य’ किंवा बोलीत ‘देखावा’ असे शब्द रूढ आहेत. ‘दृश्य’ आणि ‘देखावा’ या दोन्ही शब्दांत पाहणारा गृहीत धरलेला आहे. एका जागी उभा राहून, एका क्षणी, समोरचा प्रदेश न्याहाळणारा असा हा पाहणारा असतो. युरोपीय प्रबोधनकाळात विकसित झालेल्या रेखीय यथादर्शनाने या पाहणाऱ्याला चित्राच्या रचनेतच स्थान दिले. एकोणिसाव्या शतकात मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे स्थापन झालेल्या कलाशाळांमधून ही दृष्टी भारतीय चित्रकारांच्या शिक्षणाचा भाग झाली.

चिनी संज्ञा याहून निराळी आहे. ‘शान’ म्हणजे पर्वत आणि ‘श्वेइ’ म्हणजे पाणी. ‘शानश्वेइ’ हा या चित्रप्रकाराचा वाचक जोडशब्द. त्यात पाहणाऱ्याचा निर्देश नाही. आहे तो दोन तत्त्वांचा संबंध : स्थिर आणि प्रवाही, घन आणि द्रव, उंच आणि सखल. म्हणून प्रस्तुत लेखात ‘निसर्गचित्र’ हा शब्द टाळून ‘गिरिजल-चित्र’ असा शब्द योजला आहे. भाषांतरात शब्दाबरोबर त्याची गृहीतकेही येतात, ही तौलनिक साहित्याभ्यासाला परिचित असलेली गोष्ट येथेही लक्षात ठेवावी लागते.

गिरिजलाच्या चिंतनाची परंपरा जुनी आहे. त्सोंग पिंग (३७५–४४३) याने गिरिजलचित्रावर एक छोटे प्रकरण लिहिले. वार्धक्य आणि आजार यांमुळे पर्वतयात्रा अशक्य झाल्यावर त्याने पाहिलेले पर्वत घराच्या भिंतींवर रेखाटले आणि अंथरुणावर पडल्या-पडल्या तो त्या प्रदेशांतून हिंडू लागला, असे त्याच्या चरित्रात नोंदविलेले आहे. या ‘शय्यायात्रे’ची कल्पना पुढे चिनी रसिकांत रूढ झाली. मराठी वाचकाला येथे मानसपूजेची आठवण होणे स्वाभाविक आहे. मानसपूजेत उपचार प्रत्यक्ष नसतात, पण त्यांचा क्रम मात्र पाळावा लागतो. शय्यायात्रेतही पाऊल उचलले जात नाही, तरी वाट क्रमानेच चालावी लागते.

३. पटाची घडण आणि त्याचे वाचन

चिनी गिरिजल-चित्रे अनेक रूपांत आढळतात. भिंतीवर टांगावयाचा उभा पट, पंख्यावरील चित्र, चित्रवही ही त्यांपैकी काही. या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे रूप म्हणजे हातांनी उलगडावयाचा आडवा पट. त्यास येथे ‘हस्तपट’ म्हटले आहे. त्याची उंची बहुधा वीतभर ते दोन-अडीच वीत असते; लांबी मात्र कित्येक मीटर असू शकते. वांग शीमंग याने १११३ साली, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी रेशमावर रंगविलेला ‘सहस्र ली नद्या आणि पर्वत’ हा निळ्या-हिरव्या खनिज रंगांतील पट सुमारे साडेएक्कावन्न सेंटिमीटर उंच आणि जवळजवळ बारा मीटर लांब आहे.

हा पट एरवी गुंडाळून पेटीत ठेवलेला असतो. तो भिंतीवर लावावयाचा नसतो. विशिष्ट प्रसंगी, निवडक मित्रांसमवेत, तो मेजावर ठेवून उजवीकडून डावीकडे उलगडतात. डावा हात नवा भाग उघडतो, उजवा हात पाहून झालेला भाग गुंडाळीत जातो. दोन हातांच्या मधले, साधारण खांद्याच्या रुंदीएवढे चित्र तेवढे एका वेळी समोर असते. आधीचे गुंडाळीत गेलेले आणि पुढचे अद्याप न आलेले, अशा स्थितीत पाहणाऱ्याला स्मरण आणि अपेक्षा या दोन्हींचा आधार घ्यावा लागतो. किती वेगाने पुढे जावयाचे, कोठे थांबावयाचे, मागे परतावयाचे की नाही, हे त्याचे हात ठरवितात.

पटाच्या अंगांची नावेही बोलकी आहेत. आरंभी शीर्षाक्षरांचा भाग असतो. मधल्या मुख्य चित्राला ‘चित्राचे हृदय’ म्हणतात. त्यानंतर कोऱ्या कागदाची लांब ‘शेपटी’ जोडलेली असते. पुढील पिढ्यांतील मालकांनी, मित्रांनी आणि जाणकारांनी आपले अभिप्राय, कविता आणि मुद्रा तेथे उमटवाव्यात, अशी ही योजना आहे. चित्र पूर्ण झाल्यावरही पट वाढत राहतो. ग्रंथावर टीका, टीकेवर टिप्पण अशी भारतीय शास्त्रपरंपरेत जी वाढ होत जाते, तिच्याशी या शेपटीचे कार्य ताडून पाहता येईल. फरक इतकाच, की येथे मूळ आणि भाष्य एकाच वस्तूवर, एकाच गुंडाळीत नांदतात.

लेसिंगने १७६६ सालच्या ‘लाओकून’मध्ये चित्राला अवकाशाची आणि काव्याला कालाची कला ठरविले. हा भेद तौलनिक सौंदर्यविचारात दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. हस्तपट या विभागणीत बसत नाही. तो अवकाशाचे चित्रण करतो, परंतु त्याचा आस्वाद क्रमाने, काळातच घ्यावा लागतो. ‘पट वाचणे’ हा प्रयोग म्हणूनच केवळ लाक्षणिक ठरत नाही.

४. शाई, रेषा आणि दूरत्व

या वाचनाला अनुरूप अशी शैली चिनी चित्रकारांनी घडविली. कुंचला, शाई, कागद आणि शाई उगाळावयाचा दगड ही लेखनाची चार साधने, आणि चित्राचीही तीच. काजळी व सरस यांची वडी पाण्यात उगाळून शाई करतात. पाण्याच्या प्रमाणानुसार गडद काळ्यापासून अगदी फिकट करड्यापर्यंत तिच्या छटा मिळतात. एकट्या शाईत पाच रंग असतात, अशी चिनी जाणकारांची धारणा आहे. कागद शाई शोषून घेतो, त्यामुळे ओढलेली रेषा पुसता येत नाही. अक्षराप्रमाणेच तिच्यात हाताचा दाब, गती आणि थबकणे उमटून राहते. तेथील रसिक चित्रातील रेषेचे मूल्यमापन सुलेखनाच्या परिभाषेत करतात, त्याचे कारण हे आहे.

पर्वताचा पृष्ठभाग दाखविण्यासाठी वापरावयाच्या रेषासमूहांना ‘त्सुन’ म्हणतात. त्यांचे प्रकार नावांनी ओळखले जातात. तागाच्या उकललेल्या धाग्यांसारख्या लांब, सैल रेषा मातीच्या उतरत्या डोंगरांसाठी येतात. कुऱ्हाडीच्या घावांसारख्या तिरप्या, कोरड्या रेषा खडकांच्या कड्यांसाठी. पावसाच्या थेंबांसारखे ठिपके फान क्वानच्या उत्तुंग शिखरांशी जोडले गेले आहेत. हे प्रकार पर्वताच्या निरीक्षणातून आले, तसेच ते पूर्वसूरींच्या हस्ताक्षरासारखेही झाले. विशिष्ट त्सुन वापरणे म्हणजे विशिष्ट चित्रकाराचे स्मरण करणे होय. संस्कृत किंवा मराठी पंडिती काव्यातील वृत्तनिवड जशी पूर्वपरंपरेचा निर्देश करते, तसेच हे आहे.

क्वो शी हा अकराव्या शतकातील राजदरबाराचा चित्रकार. त्याचे १०७२ सालचे ‘वसंतारंभ’ हे चित्र तैपेई येथील राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात आहे. त्याचे विचार त्याचा पुत्र क्वो स्सी याने संकलित केले. त्यांत दूरत्वाचे तीन प्रकार सांगितले आहेत. पायथ्यापासून शिखराकडे पाहणे हे उंच दूरत्व. पुढच्या डोंगराआडून मागच्या डोंगरांत डोकावणे हे खोल दूरत्व. जवळच्या डोंगरावरून पलीकडच्या डोंगरांकडे समोर पाहणे हे सपाट दूरत्व. ही तिन्ही एका चित्रात एकत्र येऊ शकतात. कारण नजर एका बिंदूला बांधलेली नाही, ती चालणाऱ्या माणसाबरोबर हलते. क्वो शीच्या मते गिरिजल-चित्र हे केवळ पाहण्याजोगे किंवा चालून जाण्याजोगे असून पुरत नाही. त्यात रेंगाळता यावे, राहता यावे. या निकषातून चित्रातील लहान लहान गोष्टींचा अर्थ उलगडतो. झाडाआडची झोपडी, पुलावरील वाटसरू, काठावर टेकलेली होडी ही पाहणाऱ्याने विसावावयाची ठिकाणे आहेत.

धुके आणि पाणी दाखविण्यासाठी कागद कोराच सोडण्याची रीत याच शैलीचा भाग आहे. दोन डोंगरांमधील कोरी जागा आधीचा प्रसंग मिटवून नव्याची तयारी करते. दीर्घ पटात तिचे कार्य पुष्कळसे गायनातील विश्रांतीच्या जागेसारखे असते.

५. एका पटाचे चरित्र

ह्वांग कोंगवांग (१२६९–१३५४) याचा ‘फूछुन पर्वतातील निवास’ हा पट या सर्व वैशिष्ट्यांचे आणि त्यांत गुंतलेल्या प्रश्नांचे उत्तम उदाहरण आहे. मंगोल युआन राजवटीत कनिष्ठ अधिकारी असलेल्या ह्वांगला एका प्रकरणात कारावास भोगावा लागला. पुढे तो ताओ पंथाकडे वळला. उतारवयात, १३४७ ते १३५० या काळात, फूछुन नदीच्या परिसरात राहून त्याने हा पट हाती घेतला. मनाला येईल तेव्हा थोडे थोडे रेखाटीत तो पुढे सरकला. वूयोंग नावाच्या स्नेह्यासाठी तो काढला होता. पट दुसऱ्या कोणी बळकावू नये म्हणून चित्र पूर्ण होण्याआधीच त्यावर त्याचे नाव लिहून ठेवले, असे चित्रकाराने स्वतःच पटावर नोंदविले आहे.

पुढील तीन शतकांत हा पट अनेकांच्या हाती गेला. पंधराव्या शतकात तो शन चोऊ या चित्रकाराकडे होता. तो हरवल्यावर त्याने स्मरणातून त्याची प्रतिकृती काढली. नंतर तो तोंग छीछांग या विख्यात समीक्षक-चित्रकाराकडे आला. १६५० साली त्याचा तत्कालीन मालक वू होंगयू याने मरणासन्न अवस्थेत हा पट आपल्याबरोबर परलोकी यावा म्हणून तो अग्नीत टाकावयास लावला. त्याच्या पुतण्याने तो ओढून बाहेर काढला. तोवर आरंभीचा भाग जळून पटाचे दोन तुकडे झाले होते. सुमारे एक्कावन्न सेंटिमीटरचा लहान तुकडा आज हांगचौ येथील चच्यांग प्रांतीय संग्रहालयात आहे. सहा मीटरांहून अधिक लांबीचा मोठा भाग तैपेईत आहे. २०११ साली तैपेईत हे दोन्ही भाग एकत्र प्रदर्शित करण्यात आले.

यापुढील घटना तौलनिक अभ्यासकाला विशेष उद्बोधक वाटेल. छिएनलोंग सम्राटाच्या संग्रहात १७४५ साली या पटाची एक प्रतिकृती आली. सम्राटाने तीच अस्सल मानली. पुढच्याच वर्षी खरा पट हाती आला, तेव्हा त्याने तो नक्कल म्हणून बाजूस सारला. आपला आवडता पट मात्र तो वर्षानुवर्षे उलगडीत राहिला. त्यावरील कोऱ्या जागांत, आकाशात आणि धुक्यातही, त्याने इतके अभिप्राय लिहिले व मुद्रा उमटविल्या, की चित्रातील अवकाश जवळजवळ नाहीसा झाला. सम्राटाच्या चुकीमुळे अस्सल पटाची शुभ्रता वाचली.

शेपटीवर लिहिण्याच्या प्रथेमागील विवेक या प्रसंगातून कळतो. वाचकाने भर घालावी, पण ती कोठे घालावी याची मर्यादा पाळावी, अशी त्या प्रथेची अपेक्षा होती. कलाकृतीविषयी बोलता बोलता तिच्यातील मोकळी जागा आपल्याच शब्दांनी भरून टाकण्याचा धोका समीक्षेलाही असतो. दोन संस्कृतींची तुलना करणाऱ्या समीक्षेला तर अधिकच.

६. वेंकटप्पांचे उदाहरण आणि प्रभावाचा मार्ग

आता बेंगळुरूच्या पहिल्या संग्रहाकडे वळता येईल. वेंकटप्पा दरबारी चित्रकारांच्या घराण्यात जन्मले. म्हैसूर दरबाराच्या साहाय्याने ते कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत गेले आणि तेथे अवनींद्रनाथांच्या शिष्यमंडळात दाखल झाले. भगिनी निवेदिता आणि आनंद कुमारस्वामी यांच्या १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदू व बौद्ध पुराणकथांच्या ग्रंथासाठी ज्यांनी चित्रे काढली, त्यांत तेही होते. म्हैसूरला परतल्यावर त्यांनी वीणावादनाची दीर्घ साधना केली आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात नीलगिरी व कोडाईकनाल येथील जलरंगचित्रे काढली.

अवनींद्रनाथांच्या मंडळाचा पूर्व आशियाशी संबंध सर्वश्रुत आहे. ओकाकुरा काकुझो १९०२ साली भारतात आले. आशियाच्या सांस्कृतिक एकत्वाचा सिद्धांत मांडणारा त्यांचा ग्रंथ १९०३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुनसो हे दोन जपानी चित्रकार कलकत्त्यात राहिले, आणि त्यांच्या सहवासातून अवनींद्रनाथांची रंगाचे ओले थर देण्याची पद्धती आकाराला आली. यावरून चिनी गिरिजल-परंपरा जपानमार्गे कलकत्त्यास व तेथून म्हैसूरला पोहोचली, असा प्रभावाचा सरळ मार्ग काढण्याचा मोह होतो.

परंतु या मार्गातील मधला टप्पा नीट पाहिला पाहिजे. ताइकान आणि शुनसो त्या काळात जो प्रयोग करीत होते, त्यात बाह्यरेषा टाळून रंगांच्या धूसर छटांनी वातावरण उभे करावयाचे होते. पाश्चात्त्य चित्रकलेतील प्रकाश व हवा यांचा अनुभव जपानी साधनांनी साधण्याचा तो प्रयत्न होता, आणि रेषेचा त्याग केल्याबद्दल जपानमध्ये त्यावर कठोर टीका झाली. चिनी परंपरेत तर कुंचल्याच्या रेषेला चित्राचे अस्थितत्त्व मानलेले आहे. म्हणजे कलकत्त्यात ‘पौर्वात्य’ म्हणून जे पोहोचले, त्यात चिनी गिरिजलाचा कणाच वगळला गेला होता. पुढे वेंकटप्पांनी आपल्या डोंगरचित्रांत धूसरता पुष्कळशी मागे टाकली आणि लघुचित्रकाराच्या बारकाव्याने, विशिष्ट वेळचा विशिष्ट प्रकाश टिपला. ही चित्रे एका चौकटीत, एका दृष्टिक्षेपात सामावणारी आहेत. त्यांचे मोल मोठे आहे. परंतु ती ‘देखावा’ या संकल्पनेच्या कक्षेतील आहेत. विषय डोंगराचा असला, तरी पाहण्याची रीत गिरिजलाची नाही.

तात्त्विक पातळीवरही असाच एक मोह दिसतो. शिए ह या सहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या चिनी समीक्षकाने चित्राची सहा तत्त्वे सांगितली. प्राणाचे स्पंदन व सजीव गती, कुंचल्याची अस्थिरचना, वस्तूशी रूपसाम्य, प्रकारानुरूप रंगयोजना, स्थानांची आखणी आणि प्रतिकृतींद्वारे परंपरेचे संक्रमण, अशी ती आहेत. कामसूत्रावरील यशोधराच्या ‘जयमंगला’ टीकेत चित्राची सहा अंगे येतात : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. अवनींद्रनाथांनी षडंगांचे विवरण करताना या दोहोंचे नाते जोडले. संख्या सारखी, सादृश्य आणि रंग ही अंगे उभयपक्षी. साम्य लक्षवेधी आहे यात शंका नाही. तथापि ‘जयमंगला’ ही तेराव्या शतकातील मानली जाते. म्हणजे ती शिए हच्या कितीतरी नंतरची आहे. शिए हची तत्त्वे मुख्यतः मानवाकृतींच्या चित्रांसंबंधी होती, ती गिरिजलाला नंतर लावली गेली. आणि विशेष म्हणजे, कुंचल्याची अस्थिरचना व प्रतिकृतींद्वारे संक्रमण या दोन तत्त्वांना षडंगांत प्रतिरूप नाही. ही दोन्ही तत्त्वे लेखनसंस्कृतीशी निगडित आहेत. भेद नेमका तेथे आहे, जेथे चिनी चित्र अक्षराशी जोडले जाते.

मराठीत शिए हच्या पहिल्या तत्त्वासाठी ‘लय’ हा शब्द सुचतो आणि मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारामुळे तो आकर्षकही वाटतो. मात्र मर्ढेकरांची लयतत्त्वे, म्हणजे संवाद, विरोध आणि समतोल, ही कलाकृतीतील घटकांच्या परस्परसंबंधांची तत्त्वे आहेत. चिनी संज्ञेतील ‘छी’ म्हणजे विश्व, चित्रकार आणि चित्र या तिहींतून वाहणारा प्राण. तो कलाकृतीच्या कडेपाशी थांबत नाही. शब्द वापरावयाचा तर हा फरक सांगूनच वापरावा लागेल.

७. चित्रकथी, छायाबाहुल्या आणि ‘मेघदूत’

काळात उलगडणारे चित्र भारतात नाही, असे मात्र नव्हे. ते शोधावयास दुसऱ्या संग्रहाकडे जावे लागते. कर्नाटकातील छायाबाहुल्यांत पुष्कळदा एकाच चामड्यात अनेक पात्रांसह संपूर्ण प्रसंग कोरलेला असतो. एकामागून एक प्रसंग उजळून पडद्यावर येतो आणि निघून जातो. कथन आणि संवाद कन्नडमध्ये चालतात. हे खेळ करणाऱ्या किळ्ळेक्यात समाजाच्या घरात मात्र मराठीशी निकटचे नाते असलेली बोली बोलली जाते. बेंगळुरूच्या या संग्रहाचे मराठीच्या अभ्यासाशी असलेले नाते असे आतून आलेले आहे.

या कलावंतांचे निकटचे सोबती सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळजवळील पिंगुळी गावी आढळतात. तेथील ठाकर समाजात चित्रकथी, चामड्याच्या बाहुल्या आणि कळसूत्री बाहुल्या ही तिन्ही रूपे एकत्र नांदली आहेत. या परंपरेचे जतन करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीची ‘पोथी’ म्हणजे सुट्या चित्रपत्रांचा क्रमबद्ध गठ्ठा. कथेकरी एकेक पान उभे धरतो, वाद्यांच्या साथीने तो प्रसंग गातो व सांगतो, आणि पान मागे सारतो. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही चित्रांच्या आधारे कथा सांगणाऱ्याचा निर्देश आहे. चित्राला ‘पोथी’ म्हणणारी भाषा चित्र वाचता येते हे गृहीत धरूनच चालते.

हे साम्य आकस्मिक नाही, असे मानण्यास आधार आहे. तुनह्वांग येथील गुहांतून विसाव्या शतकाच्या आरंभी बाहेर आलेल्या हस्तलिखितांत, सध्या पॅरिसमध्ये असलेला एक पट आहे. शारिपुत्राने परमतवाद्यांशी केलेल्या सामर्थ्यस्पर्धेची चित्रे त्याच्या एका बाजूस, तर पाठीमागे त्या त्या प्रसंगाची पद्ये आहेत. व्हिक्टर मेअर यांनी १९८८ सालच्या आपल्या ग्रंथात चीनमधील चित्रकथनाचे मूळ भारतीय परंपरेत दाखविले. हा सिद्धांत कथनपटांविषयी आहे. गिरिजल-पटांची उत्पत्ती त्यातून सिद्ध होत नाही, आणि तसा दावा करणे योग्य ठरणार नाही. परंतु चित्र क्रमाने उघडत जाण्याची सवय दोन्ही संस्कृतींत होती आणि तिची देवाणघेवाणही झाली, इतके त्यातून निश्चित होते.

साम्याबरोबर भेदही नोंदविला पाहिजे. चित्रकथीत पान उलटणारा हात कथेकऱ्याचा असतो, हस्तपटात तो पाहणाऱ्याचाच असतो. चित्रकथी समूहासमोर आणि आवाजाच्या आधाराने उभी राहते. हस्तपट मोजक्या व्यक्तींसमोर, पुष्कळदा मौनात. चित्रकथीच्या पानात पात्रे जागा व्यापतात आणि भूमी केवळ सूचित होते. हस्तपटात भूमी सर्वत्र असते व माणूस बोटाच्या पेराएवढा. चित्रकथीत मौखिक परंपरेचे पाठबळ आहे, हस्तपटात लेखनपरंपरेचे.

मग उलगडत जाणाऱ्या भूमीचा भारतीय प्रतिपक्ष कोठे मिळतो? तो चित्रात शोधण्याऐवजी वाङ्मयात शोधावा लागतो. कालिदासाच्या पूर्वमेघात रामगिरीपासून अलकेपर्यंतचा मार्ग डोंगर, नद्या आणि नगरे यांच्या क्रमाने सरकत जातो. कोठे थांबावे, कोठे पाणी प्यावे, कोठे रेंगाळावे, हे मेघाला सांगितले जाते. रेंगाळता येईल अशा भूमीचा क्वो शीचा निकष येथे सहज पूर्ण होतो. रामगिरी म्हणजे नागपूरजवळील रामटेक, ही समजूत महाराष्ट्रात दृढ आहे, आणि कुसुमाग्रज व शांता शेळके यांच्यासारख्या कवींना या काव्याचा अनुवाद करावासा वाटला. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’चे उदाहरण त्याहून निराळे. चक्रधरस्वामींच्या वास्तव्याने पुनीत झालेली स्थाने ती दिशा-अंतरांच्या नेमकेपणाने नोंदविते. तेथे जाता न येणाऱ्यासाठी ती पोथीच यात्रा होते. त्सोंग पिंगच्या शय्यायात्रेशी तिचे नाते डोंगराच्या कोणत्याही जलरंगचित्रापेक्षा जवळचे आहे.

८. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली अशी, की चिनी हस्तपटाची शैली, म्हणजे सुलेखनाची रेषा, हलते दूरत्व, कोरी जागा आणि शेपटीवरील अभिप्राय, ही क्रमाने वाचण्याच्या रीतीतून समजते. ही रीत वगळून केवळ डोंगर-पाणी-धुके या विषयाकडे पाहिले, तर शैलीचा हेतूच हरवतो. दुसरी, संपर्काचा पुरावा असला म्हणून प्रभाव सिद्ध होत नाही. कलकत्त्याच्या मार्गाने काय आले याबरोबर काय गळले, हेही तपासावे लागते. तिसरी, तुलनेचा जोडीदार त्याच कलाप्रकारातील असला पाहिजे असे नाही. चीनमध्ये चित्राने जे कार्य केले, ते भारतात काही अंशी चित्रकथीने, काही अंशी काव्याने आणि काही अंशी तीर्थवाङ्मयाने केले असू शकते.

यात मराठीच्या अभ्यासाचा एक व्यावहारिक प्रश्नही गुंतलेला आहे. चित्रकथीच्या पोथ्या आणि चामड्याच्या बाहुल्या संग्रहालयांत पोहोचल्या म्हणजे त्यांची सुटी पाने व सुट्या आकृती काचेमागे मांडल्या जातात. क्रम, आवाज आणि हात यांपासून तुटून त्याही ‘देखावा’ होऊन बसतात. काचेखाली संपूर्ण उलगडून ठेवलेल्या चिनी हस्तपटाचीही हीच गत होते. अशा वस्तूंची नोंद करताना कोणते पान कोणत्या पानानंतर येते, त्या वेळी काय गायिले जाते, पान कोण उलटतो आणि कोठे थांबतो, हेही नोंदविले जाणे अगत्याचे आहे. घरात मराठी बोलणारे आणि रंगमंचावर कन्नड बोलणारे कलावंत हे सांगू शकतात. त्यांच्याकडून ते टिपून घेण्याचे काम संग्रहालयाबरोबरच साहित्याच्या अभ्यासकाचेही आहे.